रद्दीत गेलेले सातशे पक्षी

काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून इतिहासात स्थान मिळवणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतातील पक्षी-अभ्यासाचे एक आद्य पुरुषही होते. कराचीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि लक्षद्वीपपासून अंदमानपर्यंत त्यांनी सागरी पक्ष्यांचा माग काढला. त्यांचे आयुष्यभराचे हस्तलिखित मात्र सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकले गेले. कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर उतरणाऱ्या आजच्या हौशी पक्षीनिरीक्षकाने आवर्जून वाचावी, अशी ही कहाणी.

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ह्यूम यांची भेट एकाच पानावर होते. २८ डिसेंबर १८८५, मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी, अध्यक्षस्थानी व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि या सर्वांना एकत्र आणणारा निवृत्त इंग्रज अधिकारी, एवढ्यावर तो धडा संपतो. हा अधिकारी त्या दिवसापूर्वी वीसेक वर्षे काय करीत होता, हे त्या पानावर नसते.

त्याचे उत्तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आजही उडताना दिसते. हिवाळ्यात वाळूच्या दांड्यावर कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे विसावलेले असतात. त्यांत चिमणीहून मोठा पण कबुतराहून लहान असा, निमुळत्या पंखांचा एक पांढरा-राखाडी सुरय असतो. पाण्यावर एका जागी फडफडत थांबायचे आणि मासळी दिसताच दगडासारखे खाली झेपावायचे, ही त्याची रीत. हौशी छायाचित्रकार त्याचे छायाचित्र घेतो, घरी येतो, पुस्तक उघडतो आणि अडतो. या रूपाचे सुरय दोन आहेत. एक छोटा सुरय आणि दुसरा सॉन्डर्सचा सुरय. विणीच्या काळात दुसऱ्याच्या कपाळावरील पांढरा ठिपका डोळ्यामागे सरकत नाही, पंखाच्या टोकाच्या बाहेरील पिसांवर काळा रंग अधिक असतो, पायांचा रंग नारिंगीऐवजी मळकट तपकिरी असतो आणि शेपटीलगतची पाठ पांढरी न दिसता राखाडी दिसते. वीण सरली की या खुणाही पुसट होतात आणि मुरलेले निरीक्षकही गप्प बसणे पसंत करतात.

हा दुसरा सुरय वेगळा आहे, असे शास्त्राला १८७७ साली सांगितले ते ह्यूम यांनी. त्यासाठीचा मूळ नमुना कराचीच्या किनाऱ्यावरचा होता. सुरय आणि कुरव यांचे जाणकार असलेल्या हॉवर्ड सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकाचे नाव त्यांनी या पक्ष्याला दिले. मधल्या काळात अनेक तज्ज्ञांनी त्याला छोट्या सुरयाचीच एक उपजाती मानले होते. आज तो पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून ओळखला जातो.

इटाव्याचा कलेक्टर

ह्यूम यांचा जन्म १८२९ सालचा. वडील जोसेफ ह्यूम हे मूळचे स्कॉटलंडचे आणि ब्रिटिश संसदेतील जहाल सुधारणावादी सदस्य. सरकारी उधळपट्टीवर सभागृहात तुटून पडणारा खासदार ही त्यांची ख्याती. मुलाने वडिलांकडून आकडेमोडीची आवड आणि वरिष्ठांना न भिण्याची सवय अशा दोन्ही गोष्टी घेतल्या. हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. वैद्यकाचे आणि शस्त्रक्रियेचे धडेही त्यांनी लंडनमध्ये घेतले. १८४९ साली ते भारतात आले आणि लवकरच आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात रुजू झाले.

इटाव्यात त्यांनी गावोगावी मोफत प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. १८५७ चा उठाव झाला तेव्हा हा जिल्हा वणव्याच्या मध्यावर होता. ह्यूम यांना काही काळ आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. परतल्यावर बंदोबस्ताबरोबरच त्यांनी शाळांची घडी पुन्हा बसवली. १८६० साली त्यांना सरकारने किताब दिला. दारूवरील कराच्या उत्पन्नावर राज्य चालवणे त्यांना मान्य नव्हते आणि ते त्यांनी वरिष्ठांना स्पष्टपणे कळवले होते. हा स्वभाव पुढे त्यांना महागात पडणार होता.

पक्ष्यांचा छंद याच काळात वाढीस लागला. १८६७ साली ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरील कर चुकू नये म्हणून देशाच्या छातीवरून शेकडो मैल ओढलेली जकातीची सीमारेषा आणि तिच्यावरील काटेरी कुंपण त्यांच्या अखत्यारीत आले. मिठाच्या त्या अन्यायी कराचा हिशेब इतिहासाने वेगळा मांडला आहे. ह्यूम यांच्यापुरते सांगायचे, तर या नोकरीने त्यांना सतत हिंडते ठेवले. ज्या मुलखात तपासणी, त्या मुलखातले पक्षी, असा क्रम सुरू झाला. १८६९ साली त्यांनी पक्षी आणि अंड्यांविषयीच्या टिपणांचे पहिले पुस्तक छापले.

बंदूक, कातडे आणि चिठ्ठी

आजच्या वाचकाला एक गोष्ट पचायला जड जाईल. ह्यूम यांच्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा. दुर्बिणी होत्या, पण त्या दुबळ्या होत्या. छायाचित्रणाच्या काचेच्या पट्ट्या इतक्या मंद होत्या की उडता पक्षी त्यांवर धुरकट रेघ होऊन उमटला असता. पक्ष्यांच्या घरट्यांचे व्यवस्थित छायाचित्रण इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी सुरू केले ते १८९० च्या दशकात. तोपर्यंत ह्यूम यांनी पक्ष्यांकडे पाठ फिरवली होती.

म्हणून पक्षी बंदुकीने टिपायचा, त्याचे कातडे पिसांसकट सोडवायचे, कीड लागू नये म्हणून आतून सोमलयुक्त साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची, अशी त्या काळची पद्धत होती. त्या चिठ्ठीला ह्यूम यांच्या लेखी कातड्याइतकीच किंमत होती. दिनांक, ठिकाण, नर की मादी, लांबी आणि पंखाचे माप तिच्यावर हवे. डोळे, चोच आणि पाय यांचे रंगही त्याच दिवशी टिपलेले हवेत, कारण मेल्यानंतर ते काही तासांत उतरतात. सुरय आणि कुरव यांच्या बाबतीत तर पायांच्या रंगावरच पुष्कळदा ओळख ठरते. १८७४ साली त्यांनी नव्या संग्राहकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाच छापली. कातडे कसे काढावे, कसे वाळवावे आणि कसे पाठवावे, याची सविस्तर माहिती तिच्यात होती.

या कामात शिकारी, कातडे सोडवणारे आणि सामान वाहणारे असे कितीतरी भारतीय हात होते. छापील पानांवर त्यांची नावे फारशी आढळत नाहीत. त्या काळाच्या विज्ञानाची ही उणीव आज ठळकपणे जाणवते.

किनाऱ्याची अवघड लिपी

रानातल्या पक्ष्यांपेक्षा किनाऱ्यावरचे पक्षी ओळखणे नेहमीच कठीण. चिखल्या आणि तुतवार हिवाळ्यात सारखेच करड्या-मातकट रंगाचे होतात. कुरवांची पिल्ले प्रौढ होईपर्यंत वर्षागणिक पिसांचा वेश बदलतात. खुल्या समुद्रावरचे पक्षी तर विणीखेरीज जमिनीवर पायच ठेवत नाहीत. भारतीय पक्ष्यांविषयीचे तोवरचे ज्ञान मुख्यतः मैदाने, जंगले आणि हिमालय यांचे होते. समुद्राचे पान जवळजवळ कोरे होते.

ते भरण्याची संधी ह्यूम यांना १८७१ नंतर मिळाली. लॉर्ड मेयो यांनी महसूल, कृषी आणि व्यापार असे नवे खाते निर्माण केले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. शेती सुधारल्याशिवाय हिंदुस्थानचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची धारणा होती. कामाचा डोंगर होता. तरीही १८७१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यांनी सिंधू नदीच्या खोऱ्यातून कराचीपर्यंत आणि तेथून मकरानच्या किनाऱ्याने ग्वादर व मस्कतच्या दिशेने मोठा प्रवास केला. याच सागरी पट्ट्यातील एका पक्ष्याचे वर्णन त्यांनी १८७२ साली प्रसिद्ध केले. पाण्याला पंख टेकवत लाटांच्या घळीतून सरकत जाणारा, वरून काळपट आणि खालून पांढरा असा हा पक्षी आज पर्शियन शिअरवॉटर म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की असे सागरी पक्षी थकून आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतात. मच्छीमारांना किंवा सकाळी फिरायला आलेल्यांना ते सापडतात, तेव्हा त्यांची ओळख पटवताना ह्यूम यांच्या या वर्णनापर्यंत मागे जावे लागते.

१८७३ साली ते भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का आदींसह अंदमान-निकोबारला गेले. नारकोंडम या एकाकी ज्वालामुखी बेटावरील धनेशाचे शास्त्रीय वर्णन त्यांनी त्याच वर्षी केले. तो धनेश जगात दुसरीकडे कोठेही नाही. अंदमानच्या खाजणांत राहणाऱ्या एका बदकाचेही नामकरण त्यांनी तेव्हाच केले.

१८७५ ची मोहीम आपल्या दृष्टीने अधिक जवळची. सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून ते लक्षद्वीपला आणि पश्चिम किनाऱ्यावर गेले. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उभ्या असलेल्या खडकांवर ते उतरले. पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले ते खडक त्या दिवसांत निर्मनुष्य आणि जवळपास निष्पक्षी होते. पण वाळलेल्या अवशेषांवरून येथे सुरय पक्ष्यांची वसाहत भरते, हे त्यांनी ओळखले. या प्रवासाचा दीर्घ वृत्तांत १८७६ साली छापला गेला. पुढे मुंबईच्या पक्षी-अभ्यासकांनी विणीच्या हंगामात तेथे जाऊन सुरयांच्या वसाहती प्रत्यक्ष पाहिल्या. आजही महाराष्ट्रातील सागरी पक्ष्यांच्या विणीची चर्चा वेंगुर्ल्याच्या या खडकांपासूनच सुरू होते.

हौशी लोकांचे नियतकालिक

एकट्याने एवढा देश पाहून होणार नाही, हे ह्यूम यांना लवकर उमगले. १८७२ साली त्यांनी पक्ष्यांना वाहिलेले एक नियतकालिक स्वखर्चाने सुरू केले. गळून पडलेली पिसे अशा अर्थाचे त्याचे नाव होते, स्ट्रे फेदर्स. त्याचे संपादक, मुख्य लेखक आणि आश्रयदाते तेच होते. १८८८ पर्यंत त्याचे ११ खंड निघाले.

या नियतकालिकाचे लेखक कोण होते? लष्करातले कॅप्टन, जिल्ह्याचे कलेक्टर, रेल्वेचे अभियंते, जंगल खात्याचे अधिकारी आणि मिशनरी. पोटाचा उद्योग निराळा आणि जीव पक्ष्यांत गुंतलेला, अशी ही मंडळी होती. आजच्या भाषेत सारे हौशी. अहमदनगर भागात काम करणाऱ्या रेव्हरंड फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची नोंद पाठवली. रत्नागिरीकडे नोकरी केलेल्या जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली विस्तृत यादी तयार केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. कोकणातील खाड्या, खाजणे आणि पुळणी यांवर १४० वर्षांपूर्वी कोण वावरत होते, हे आज कोणाला पाहायचे असेल तर त्या यादीला पर्याय नाही.

संपादक म्हणून ह्यूम कठोर होते. बड्या शास्त्रज्ञांनाही ते सोडत नसत. इंग्लंडात बसून दोन-चार कातड्यांवरून नवी जाती जाहीर करणाऱ्यांवर ते तुटून पडत. गंमत अशी की नव्या जाती जाहीर करण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही. त्यांनी वेगळ्या ठरवलेल्या कित्येक जाती पुढच्या अभ्यासकांनी जुन्याच जातींत विलीन केल्या. पण पडताळणी शक्य झाली ती त्यांनी प्रत्येक कातड्याला बांधलेल्या चिठ्ठ्यांमुळेच. चूक दुरुस्त व्हायची तर पुरावा जागेवर असावा लागतो.

रॉथनी कॅसल

सिमल्याच्या जाखू टेकडीवर ह्यूम यांचा रॉथनी कॅसल नावाचा प्रशस्त बंगला होता. तेथे त्यांनी पक्षी-संग्रहालय उभारले. देशभरातून येणारी कातडी, अंडी आणि घरटी तेथे क्रमवार लावली जात. पगाराचा आणि मिळकतीचा मोठा भाग या संग्रहात गेला. सरकारी कामापूर्वीचा आणि नंतरचा वेळही गेला. या सर्वांतून एकच ग्रंथ व्हायचा होता. ब्रिटिश साम्राज्यातील भारतीय पक्ष्यांचा सर्वांगपूर्ण इतिहास लिहिणे हे त्यांच्या आयुष्याचे ध्येय होते.

नोकरीत मात्र वारे फिरले होते. लॉर्ड मेयो यांच्या मागे शेतीच्या खात्यात सरकारला रस उरला नाही. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत ह्यूम यांचा स्पष्टवक्तेपणा खुपू लागला आणि १८७९ साली त्यांना सचिवपदावरून हटवून अलाहाबादला पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी भारतीय शेतीच्या सुधारणेवर पुस्तक लिहिले. शिकारीच्या पक्ष्यांवरील तीन खंड मार्शल यांच्या सहकार्याने त्यांनी याच दिवसांत पूर्ण केले. १८८१ साली रजा काढून ते मणिपूरला गेले. १८८२ साली त्यांनी निवृत्ती घेतली. आता उरलेले आयुष्य त्या एका ग्रंथासाठी होते.

आणि १८८० च्या दशकाच्या त्या पहिल्या वर्षांत घात झाला. ह्यूम सिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडून मणावारी कागद पळवले आणि बाजारात रद्दी म्हणून विकले. त्यांत सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांची कमी-अधिक पूर्ण झालेली जीवनवृत्ते होती. चोरी उघडकीस यायला कित्येक महिने गेले. तोपर्यंत ते कागद पुड्यांच्या रूपाने घरोघर पोहोचले असतील. फारच थोडे हाती लागले.

या प्रसंगातील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. चोराने नेले ते मोठ्या आकाराचे पूर्ण ताव. रद्दीत त्यांनाच भाव होता. बारीकसारीक नोंदींच्या लहान चिठ्ठ्या त्याने तशाच टाकून दिल्या. वीस-पंचवीस वर्षे घडवलेले सुबक लेखन गेले. रानात, नावेत, तंबूत उभ्याउभ्या खरडलेली टिपणे राहिली.

त्यातच सिमल्याच्या मुसळधार पावसात दरड कोसळून संग्रहालयाचे नुकसान झाले. हजारो कातडी किडीने पोखरली होती. ह्यूम यांचे मन या विषयावरून उडाले. या मानसिक बदलाला दुसरीही एक बाजू होती. १८८० च्या सुमारास ते थिऑसॉफीकडे वळले होते. त्या पंथाशी त्यांचे पुढे बिनसले, पण जीवहत्येविषयीची अढी कायम राहिली. ज्यांनी हजारो पक्षी टिपले, टिपवले, ते ह्यूम शाकाहारी झाले आणि बंदूक त्यांनी खाली ठेवली. भरलेले संग्रहालय, रिकामी कपाटे आणि पश्चात्ताप या तिन्हींच्या मध्ये तो माणूस उभा होता.

१८८५ : एका वर्षात दोन दाने

अखेर त्यांनी संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊ केला. १८८५ च्या उन्हाळ्यात म्युझियमचे पक्षी-विभागप्रमुख बाउडलर शार्प स्वतः सिमल्याला आले. कातडी, अंडी आणि घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने होते. पेट्यांत भरून ते डोंगर उतरले आणि समुद्रमार्गे लंडनला गेले. एका व्यक्तीने जमवलेला एवढा पक्षी-संग्रह त्या संस्थेला तोपर्यंत क्वचितच मिळाला असेल. भारतातील पक्ष्यांचा पुरावा भारताबाहेर गेला, हे शल्य आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण सिमल्याच्या दमट खोल्यांत आणि किडीच्या तोंडी तो किती टिकला असता, हा प्रश्नही आहेच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ह्यूम मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाची धावपळ करीत होते. हे अधिवेशन खरे पुण्यात भरायचे होते. तेथे पटकीची साथ आल्याने ते मुंबईला हलवावे लागले. देशभर विखुरलेल्या माणसांना पत्रे लिहून जोडायचे, प्रत्येकाकडून माहिती मागवायची आणि सर्वांचे मिळून काहीतरी छापील, टिकाऊ असे उभे करायचे, ही हातोटी त्यांनी नियतकालिकाच्या संपादनात कमावली होती. वायव्य सरहद्दीपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या हौशी लोकांचा पत्रव्यवहार सांभाळणारे ह्यूम आता वकील, संपादक आणि शिक्षकांचा पत्रव्यवहार सांभाळू लागले. काँग्रेसच्या राजकारणाचे मूल्यमापन इतिहासकार आपापल्या परीने करतात. तिच्या आरंभीच्या संघटनेवर पक्षी-संपादकाचा हात फिरला होता, असे मात्र म्हणता येईल.

मुंबईनेही याच सुमारास ह्यूम यांच्या अनुभवाला एक उत्तर दिले होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते. सभासदांनी आपापल्या नोंदी सांगायच्या, नमुने एका जागी ठेवायचे आणि १८८६ पासून संस्थेच्या नियतकालिकात ते छापायचे, असा उपक्रम सुरू झाला. एका माणसाच्या बंगल्यावर, पैशावर आणि प्रकृतीवर अवलंबून असलेले काम संस्थेच्या हाती आले. ती संस्था आणि ते नियतकालिक आजही चालू आहे. डॉ. सालिम अली घडले ते याच परंपरेत.

ह्यूम १८९४ साली इंग्लंडला परतले. तेथे पक्ष्यांऐवजी वनस्पतींनी त्यांना ओढले. १९१० साली लंडनच्या दक्षिण भागात त्यांनी वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापन केली. सामान्य कष्टकरी माणसालाही या शास्त्राची गोडी लागावी, असा तिचा हेतू होता. अखेरपर्यंत हौशी माणसांवरचा विश्वास त्यांनी सोडला नाही. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

उरलेल्या चिठ्ठ्या

ह्यूम यांचा तो महाग्रंथ कधीच झाला नाही. पण रद्दीवाल्याने नाकारलेल्या चिठ्ठ्या वाया गेल्या नाहीत. वाचलेले साहित्य त्यांनी यूजीन ओट्स यांच्या हाती सोपवले आणि भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवरील ह्यूम यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १८८९-९० मध्ये तीन खंडांत निघाली. निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या माणसांच्या, दिनांक घातलेल्या नोंदी हेच तिचे बळ आहे.

लंडनला गेलेल्या कातड्यांनीही अलीकडे साक्ष दिली. १८६७ साली सतलज खोऱ्यात ह्यूम यांना मोठ्या चोचीचा एक लहानसा वटवट्या मिळाला होता. १८६९ साली त्यांनी त्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो पक्षी कोणाला ओळखू आला नाही. तो जातीच नसावा, अशीही शंका घेतली गेली. जुन्या नमुन्यातील जनुकीय अंशाच्या तपासणीने ती शंका दूर झाली आणि मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये किनाऱ्याजवळच्या एका पाणथळीवर पक्ष्यांना कडी घालताना तो जिवंत सापडला. पुढच्या वर्षी कोलकात्याजवळ नरेंद्रपूर येथे तो छायाचित्रातही टिपला गेला. एक कातडे आणि एक चिठ्ठी यांनी जवळपास १४० वर्षे एका पक्ष्याचे नाव जिवंत ठेवले होते.

आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि ह्यूम यांची पद्धत हौशी माणसाला कायमची बंद झाली, हे उत्तमच झाले. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता दर हिवाळ्यात लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली माणसे पुळणींवर दिसतात. त्यांच्या एका सुटीतल्या छायाचित्रांची संख्या ह्यूम यांच्या कित्येक मोहिमांतील कातड्यांहून जास्त भरेल. पंख पूर्ण उघडलेला असताना टिपलेले एक छायाचित्र पंखाच्या टोकावरची काळी पिसे मोजू देते. पाय ओले, चिखलाने माखलेले नसतील तर त्यांचा रंग दाखवते. छोटा सुरय आणि सॉन्डर्सचा सुरय यांचा निवाडा करायला हेच लागते, आणि त्यासाठी पक्ष्याला मारावे लागत नाही.

मात्र छायाचित्राला चिठ्ठी बांधलेली असेल तरच. ठिकाण, दिनांक, वेळ, भरती होती की ओहोटी, सोबत कोणते पक्षी होते आणि ओळखीबद्दल शंका असेल तर ती शंकाही, एवढे लिहायला दोन मिनिटे पुरतात. ते लिहून ठेवले आणि चारचौघांना पाहता येईल, तपासता येईल अशा ठिकाणी दिले, तर ते छायाचित्र ज्ञानात जमा होते. एरवी ते घरच्या संगणकात राहते. यंत्र बिघडले, फोन हरवला, घरच्यांनी जुने सामान काढले, की रॉथनी कॅसलमधल्या त्या पूर्ण तावांची गत त्याला व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक पथ्य ह्यूम यांच्या उत्तरायुष्यातून घेण्यासारखे आहे. सुरय आणि चिखल्यांची अंडी उघड्या वाळूवरच असतात, ती वाळूच्याच रंगाची असतात आणि सहज पायाखाली येतात. छायाचित्रासाठी पालकपक्षी फार वेळ उठवला तर कडक उन्हात ती करपतात, नाहीतर कावळे आणि कुत्रे ती उचलतात. पुळणीवर विसावलेला थवा वारंवार उडवला तर हजारो मैलांच्या प्रवासासाठी साठवलेली त्याची शक्ती उगाच खर्च होते. एक छायाचित्र कमी मिळाले तरी चालेल, हा विवेक ह्यूम यांना ८२ हजार नमुन्यांनंतर सुचला. आपल्याला तो पहिल्याच दिवशी बाळगता येतो.

मुंबईत त्यांचे नाव एका अधिवेशनाशी जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण येत्या हिवाळ्यात एखाद्या पुळणीवर, लाटेच्या कडेला फडफडत थांबलेला एक लहानसा सुरय दिसला आणि तो दोहोंपैकी कोणता असा प्रश्न पडला, तर तो प्रश्न पहिल्यांदा मांडणाऱ्या माणसाचीही आठवण व्हावी. आणि वहीच्या एका कोपऱ्यात दिनांक, ठिकाण आणि पायांचा रंग लगेच टिपून ठेवावा.